वहिनी कामावर होते

मेलेल्या माणसाला तीन शर्ट लागतात. एक जिवंतपणीचा, एक रक्ताचा आणि एक राखीव, कारण मरायच्या आधी नट हमखास अंगावर चहा सांडून घेतात. अकरा वर्षं झाली, मी एका गुप्तहेराच्या मालिकेचे कपडे शिवते. दर बुधवारी खून, दर बुधवारी उकल. माझं नाव शेवटी दीड सेकंद पडद्यावर येतं आणि तेवढ्यासाठी आमच्या घरात एक माणूस अख्खा तास टीव्हीसमोर बसतो. नाव येऊन गेलं की म्हणतो, "वाचलं बरं का मी," आणि टीव्ही बंद. खुनी कोण निघाला असं विचारलं तर त्याला धड सांगता येत नाही.

त्या माणसाला मी वहिनी म्हणते. त्याचं सांगते, पण आधी त्या यादीचं.

सोमवारी सकाळी नव्या भागाच्या कपड्यांची यादी टेबलावर आली. महिन्यातून एकदा आमच्याकडे 'जुनी फाईल' असते. कोणी निवृत्त पोलीस अधिकारी आपली न सुटलेली केस घेऊन येतो, त्यावर भाग होतो, आणि शेवटी पडद्यावर फोन नंबर येतो: फरार व्यक्तीबद्दल माहिती असल्यास कळवा. लोक कळवतात. मागे एकाला त्याच्या सख्ख्या मेहुण्यानंच पकडून दिलं होतं.

यादी अशी होती. मयत, वय सत्तावीस, रेडिओ दुरुस्त करणारा, निळा डगला. बहीण, वय चौदा, शाळेचा गणवेश, डाव्या कोपरावर ठिगळ. वहिनी, वय अंदाजे पंचवीस, फुलाफुलांचा ड्रेस, उंच टाचा, लाल ओठ. खून करून फरार.

मी रेडिओपाशी नाही थांबले, रेडिओ दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. ठिगळापाशी थांबले. ते ठिगळ मी लावलं होतं. आयुष्यातलं पहिलं शिवणकाम, वाकडंतिकडं, धागाही वेगळ्या रंगाचा. मी मटकन खाली बसले ते शिवायच्या ढिगावरच, आणि टाचणी टोचली तेव्हा उठले.

मयत म्हणजे माझा दादा.

आईवडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दादा बावीसचा. त्याचं रस्त्यावर रेडिओचं दुकान होतं, मागच्या गल्लीत वर दोन खोल्या. मी अकरा वर्षांची असताना आमच्याकडे भाडेकरू आला. बेकरीत कामाला होता, उंच, रुंद खांद्यांचा, शर्टाच्या शिवणीशिवणीत पीठ. दोन आठवड्यांत त्यानं माझा ताबा घेतला. नखं कापलीस का, डबा संपवलास का, ओले केस घेऊन बाहेर पडायचं नाही. एकदा कंगवा घेऊन मागेच लागला तेव्हा मी करवादले, "दादानं वहिनी आणली असती ना, तर तीसुद्धा एवढी बोलली नसती!"

दादाच्या हातून तापलेली सोल्डरिंगची कांडी टेबलावर पडली. टेबल जळलं, तो डाग अजून आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोघांचे कान लाल. मग दादा हसायला लागला आणि म्हणाला, "मग वहिनीच आहेत असं समज."

मला कळलं. मोठ्या माणसांना वाटतं पोरींना काही कळत नाही. पोरींना सगळं कळतं, फक्त कोणी विचारत नाही. त्या दिवसापासून ते वहिनी झाले. वहिनी आले, वहिनी चिडले, वहिनी झोपले, हळू बोल. नाव बाईचं आणि क्रियापद पुरुषाचं. दादा म्हणायचा, "तुझ्या व्याकरणाच्या बाईंनी ऐकलं तर पट्टी बसेल हातावर." नियम एकच होता: उंबऱ्याच्या आत वहिनी, उंबऱ्याबाहेर भाडेकरू. तीन वर्षं मी तो पाळला. तीन वर्षं त्या दोन खोल्यांत इतकं हसू होतं की खालचे लोक छताला काठी मारायचे.

पण गल्लीलाही डोळे होते. कोपऱ्यावरच्या गॅरेजातले तिघे दादाला येताजाता काहीबाही बोलायला लागले. एक जण बेकरीत जाऊन वहिनींनाही सांगून आला, "खोली बदल, नाहीतर आम्ही बदलू." दादा म्हणाला, कुत्री भुंकतात, भुंकू दे.

एका दुपारी चार वाजता मी शाळेतून येताना दुकानात डोकावले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही बुधवारी बघता तसलंच होतं, फक्त त्यात कोणी उठून चहा मागितला नाही. भिंतीवर दादाच्याच खडूनं, ज्यानं तो रेडिओंवर नंबर टाकायचा, एक शब्द लिहिला होता. तो शब्द मी कधी तोंडानं उच्चारला नाही, इथेही लिहिणार नाही. मारणाऱ्यांनी कारण लिहून ठेवलं होतं, एवढं समजा.

पोलीस आले. त्यांचा साहेब भिंतीसमोर उभा राहिला, खिशातून रुमाल काढला आणि शब्द पुसून टाकला. मग मला चौकीत नेलं.

"घरी आणखी कोण असतं?" साहेबानं विचारलं.

"वहिनी," मी म्हणाले.

जिभेला हाड नसतं. तीन वर्षं उंबऱ्याबाहेर न गेलेला शब्द तेव्हाच बाहेर पडायचा होता. साहेबाचं पेन हवेत थांबलं. "वहिनी? कुठे होती ती?" दार सताड उघडं होतं. दारात गल्लीतले लोक जमले होते, आणि त्यांच्या पुढे गॅरेजातला सगळ्यात धाकटा, हाताची घडी घालून ऐकत. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला एवढंच कळलं, की आता खरं बोलले तर उद्या दुसरं प्रेत पडेल.

"वहिनी कामावर होत्या," मी म्हणाले.

होत्या. नाव निसटलं होतं, पण क्रियापद मी जाणूनबुजून बनवलं. चौदा वर्षांची पोर, तेवढंच सुचलं.

मग काय, साप म्हणून भुई धोपटणं सुरू झालं. गल्लीनं उचलली जीभ लावली टाळ्याला: हो हो, एक बाई यायची, फुलांचा ड्रेस असायचा, ओठ लाल, लक्षण काही बरं नव्हतं. कोणी तिला स्टेशनावर पाहिलं, कोणी कुणा परपुरुषाबरोबर. फाईलमध्ये लिहिलं गेलं, बायको खून करून फरार. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कारण ती फरार बाई रोज सकाळी माझा डबा भरत होती. भाडेकरूचा जबाब दोन ओळींचा, तो कामावर होता, हजेरी आहे, सही. वहिनींनी मला वाढवलं, शिकवलं, शिवणयंत्र आणून दिलं. बाहेर काका, आत वहिनी. गॅरेजातले दोघं पुढे आपल्या मरणानं मेले. तो धाकटा समोरच्याच घरात राहतो, अजून.

आणि ती बाई पैदा कुणी केली, हे मी एकतीस वर्षांत वहिनींना सांगितलं नव्हतं. त्यांना वाटायचं गल्लीनं रचलं.

आता हा भाग पुढच्या कुठल्यातरी बुधवारी लागणार. वहिनी नेहमीसारखे समोर बसणार, माझं नाव वाचायला. आणि माझ्या नावाच्या आधी, मी शिवलेल्या ड्रेसात, ते स्वतः दादाचा खून करून पळताना दिसणार. खाली फोन नंबर. माझ्या हातून हे होणार होतं. मरेन पण होऊ देणार नाही, असं मी त्या टाचण्यांना सांगितलं.

संध्याकाळी घरी गेले तर वहिनी पीठ मळत होते. वय साठ, निवृत्त, पण हात स्वस्थ राहत नाहीत. मी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं. यादी, ठिगळ, ड्रेस, टाचा.

त्यांनी मळणं थांबवलं नाही. "जाऊ दे गं. टीव्ही बुधवारी लागतो, गुरुवारी लोक विसरतात."

"जाऊ कसं दे? तुम्हाला खुनी दाखवतायत!"

"मला कुठे? कुठल्यातरी लाल ओठांच्या बाईला. लोकांनी काय काय रचलं, त्यात आणखी एक."

"लोकांनी नाही रचलं," मी म्हणाले. "मी रचलं."

मग ते थांबले. मी सांगितलं. पेन, दार, हाताची घडी, होत्या. सांगताना मला वाटत होतं आता हा माणूस मला घराबाहेर काढेल, आणि काढलं तर बरोबरच आहे. मी रडत होते, आणि मला माझा रागही येत होता, कारण रडायचा हक्क त्यांचा होता.

वहिनी पिठाच्या हातांनी खुर्चीवर बसले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, ते दाबायला गेले आणि आणखी आलं.

"म्हणजे एवढे पोलीस वर्षभर बाई शोधत होते, ते तुझ्यामुळे?"

"हसताय काय!"

"अगं वेडे, पुरुष शोधला असता तर पहिला कोण सापडला असता? त्याच्या खोलीत राहणारा. मलाच आत टाकलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि तुला कुठल्यातरी आश्रमात." त्यांनी मनगटानं डोळे पुसले, कपाळाला पीठ लागलं. "तू मला वाचवलंस गं. एका अक्षरात."

"पण दादा?" मी म्हणाले. "त्याला का मारलं ते कुठेच नाही लिहिलेलं. त्याच्या नावावर पळपुटी बायको. तो तुमचा होता हे कुठेच नाही."

यावर ते हसले नाहीत. उठून नळाखाली हात धुतले, एकेक बोट. समोरच्या घराच्या खिडकीत दिवा लागला होता आणि ते त्या खिडकीकडे बघत होते.

"मी गप्प बसलो ते तुझ्यासाठी," ते म्हणाले. "तू मोठी होईपर्यंत, असं ठरवलं होतं. मग तू मोठी झालीस आणि मला सवय झाली. आता साठ झाले. कुणाला भिऊ? एकतीस वर्षं फरार आहे मी, पोरी. आता मला सापडायचंय." आणि हात आडवे पसरून माझ्यापुढे उभे राहिले. "टेप आण. वहिनीचं माप घे."

छाती बेचाळीस, खांदा साडेअठरा, बाही पंचवीस. पांढरं जाड सुती कापड, बेकरीत घालतात तसं, खिसा एक, डावीकडे. मी तीन दिवस तो शर्ट शिवत होते, आणि कॉलर इतकी सरळ माझ्या हातून आजवर आली नव्हती.

गुरुवारी कपड्यांची ट्रायल. दिग्दर्शक नेहमीप्रमाणे घोड्यावर बसून आलेला. जुन्या फाईलचे साहेब खुर्चीत, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, हातात चहा. म्हातारे झालेत, पण मान तशीच ताठ. मला त्यांनी ओळखलं नाही. संवाद लिहिणारी चष्मेवाली पोरगी कोपऱ्यात कागद घेऊन. वहिनीचं काम करणारी नटी पडद्यामागे गेली आणि बाहेर आली तेव्हा शर्टाचे खांदे तिच्या कोपरांवर होते.

"मावशी," ती बाह्या हलवत म्हणाली, "हे माझं आहे की माझ्या नवऱ्याचं?"

सगळे हसले. दिग्दर्शक सोडून.

"हे काय आहे? फुलांचा ड्रेस कुठाय? टाचा कुठायत?"

"टाचा घालून भट्टीसमोर आठ तास उभं राहून दाखवा," मी म्हणाले, "मग शिवते."

"मावशी, माप चुकलंय!"

"अकरा वर्षांत माझं माप चुकलंय कधी? सोमवारी घेतलंय, समोर उभं करून. वहिनींचंच आहे."

साहेबांनी कप खाली ठेवला. "कोणाच्या वहिनींचं?"

"माझ्या. साहेब, डाव्या कोपरावरचं ठिगळ तुम्हीच फाईलमध्ये लिहिलंय ना? ते मी लावलं होतं. तेव्हा वाकडं लावायचे, आता सरळ लावते."

खोलीत शिलाई मशीनची मोटर तेवढी घरघरत होती, ती कोणीतरी बंद केली. साहेबांनी फाईल उघडली, चष्मा शोधला, पान शोधलं. बोट ठेवून वाचलं. "'वहिनी कामावर होत्या.' हे तुझंच आहे. होत्या म्हणालीस."

"म्हणाले. नाव खरं सांगितलं आणि क्रियापद खोटं. दारात गॅरेजवाला उभा होता, त्याच्यासमोर आणखी काय सांगणार होते? वहिनी कामावर होते, साहेब. बेकरीत. हजेरी तुमच्याच फाईलमध्ये आहे, भाडेकरूच्या नावानं."

नटीच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. साहेब पुन्हा पुन्हा पानं उलटत राहिले.

"आम्ही वर्षभर ती बाई शोधली," ते म्हणाले.

"आणि ती बाई पिठाच्या शर्टात तुमच्या शिपायांना गरम पाव देत होती. बरं, माझं खोटं मी कबूल केलं. आता तुमचं काढा."

"माझं?"

"भिंत. पांढरा रुमाल होता, कडेला निळी दुहेरी रेघ. शिवणारीला कापड आठवतं."

दिग्दर्शक म्हणाला, कसली भिंत, आपण शूटिंग करतोय की काय करतोय. साहेबांची ताठ मान खाली गेली होती.

"तू लहान होतीस," ते हळू म्हणाले. "तू वाचू नयेस म्हणून पुसलं."

"मी वाचलं होतं. आणि भिंतीवरून पुसलंत ते समजू शकते मी. कागदावरून का पुसलंत?"

"त्या मुलाची अब्रू..."

"माझ्या दादाच्या अब्रूला काय झालं होतं?" माझा आवाज इतका चढला की बाहेरचे लाईटवाले आत आले. "त्यानं कुणाचं काय वाईट केलं होतं? पाठची बहीण सांभाळली, एका माणसावर जीव लावला, दुकान चालवलं. झाकली मूठ म्हणता, पण मुठीत कोण होतं? ज्यांनी लिहिलं ते! त्यांची अब्रू झाकलीत तुम्ही. दादाला मात्र मेल्यावर एक खुनी बायको चिकटवलीत."

चष्मेवालीनं पाणी दिलं, ते मी घेतलं.

दिग्दर्शक वाईट माणूस नाही, घाबरट आहे. त्यानं मला बाजूला घेतलं. "मावशी, मला पटतंय. पण असं करू, 'मित्र' म्हणू. जिवलग मित्र. लोक समजून घेतील."

"मित्र गल्लीभर होते त्याचे. वहिनी एकच."

"अहो, वाहिनीला नाही चालायचं हे!"

"वाहिनीला वहिनी चालत नाहीत? एका कान्याचा तर फरक आहे, मी काढून देते," मी म्हणाले. लाईटवाले खदखदले. मी गळ्यातली कपड्यांच्या गोदामाची किल्ली सगळ्यांना दाखवून ब्लाऊजमध्ये टाकली. "हा शर्ट ज्याच्या मापाचा आहे त्याला चढेल. नाहीतर आज या रॅकवरून रुमालसुद्धा उतरणार नाही. चाळीस माणसं बाहेर उभी आहेत, उघड्यानं करा शूटिंग."

"मी तुम्हाला कामावरून काढू शकतो."

"काढा. मशीन माझं स्वतःचं आहे."

तेव्हा साहेब उठले. खुर्चीच्या हाताला धरून, वेळ लागला त्यांना. "'सत्य घटनेवर आधारित' लिहायला माझी सही लागते ना?" ते दिग्दर्शकाला म्हणाले. "दाखवायची तर भिंतीसकट दाखवा. रुमालासकट. माझ्या. नाहीतर सही परत द्या मला."

मी त्यांना तेव्हा माफ केलं असं नाही. आजही नाही. पण परत खुर्चीत बसायला त्यांना मी हात दिला, हे खरं.

"वहिनीच ठेवायचं," चष्मेवाली कोपऱ्यातून म्हणाली. ती सगळा वेळ लिहीत होती. "चार दिवस द्या मला."

नटीनं शर्ट काढून घडी करून माझ्या हातात दिला. आपलं काम गेलं याचं तिला काही नव्हतं. "मला पोलीसबाई करा," ती म्हणाली, "पण मला हे बघायचंय."

चार दिवसांनी नवी संहिता आली. त्यात मी होते, चौदा वर्षांची, जिन्यात पावलं वाजली की ओरडायची, "वहिनी आले!" काम करणारी पोर मोठी गोड, पण नटांसमोर धरायच्या फळ्यावर संवाद उतरवणाऱ्यानं दोनदा दुरुस्त करून ठेवलं: आल्या. त्याचा काय दोष, त्यालाही व्याकरणाच्या बाई होत्या. पोर माझ्याकडे आली. "मावशी, हे चुकलंय ना?"

"नाही गं. बाकीचं चुकलं होतं," मी म्हणाले. "मोठ्यानं म्हण." मोठ्यानं म्हणाली.

भाग लागला त्या बुधवारी वहिनी टीव्हीसमोर बसले, राखीव शर्ट घालून. मी त्यांच्या शर्टाला रक्ताची जोडी शिवली नव्हती; ते जिवंत आहेत, त्यांना कशाला. दुकान दिसलं, हुबेहूब नव्हतं. भिंत दिसली, रुमाल दिसला. पडद्यावरचा दादा आमच्या दादाहून देखणा होता, हे वहिनींना पटलं नाही. जिन्यात पावलं वाजली, पोर ओरडली, "वहिनी आले!" आणि रुंद खांद्यांचा एक नट पाव घेऊन आत आला. माझ्या शेजारचे रुंद खांदे हलायला लागले. मी त्यांचा हात धरला. शेवटी फोन नंबर आला: गॅरेजातल्या तिघांबद्दल माहिती असल्यास कळवा. त्यानंतर माझं नाव आलं आणि गेलं. या वेळी वाचायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दार वाजलं. एक तरुण पोलीसबाई, हातात रजिस्टर, मागे शिपाई. साहेबांनी अर्ज दिला होता, आणि फोन इतके आले होते की फाईल पुन्हा उघडली होती. जिन्यात तोवर शेजारी गोळा झाले. बूट वाजले की माणसं निघतात, हे काही बदललेलं नाही.

"जबाब घ्यायचाय," ती म्हणाली. तिनं कागद पाहिला, जरा अडखळली. "वहिनी... इथेच राहतात ना? आहेत का?"

"आलो गं!" आतून आवाज आला. "पीठ आहे हाताला, धुतो नि आलो!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पेन हवेत थांबलं. "काय लिहू? वहिनी आल्या की..."

"आले," मी म्हणाले. "लिहा. वहिनी आले."

तिनं लिहिलं. वहिनी हात पुसत बाहेर आले, खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसले. जिन्यातली कुजबुज वाढली. गल्लीपलीकडे समोरच्या घराचा पडदा हलला आणि खिडकी बंद झाली. शिपायानं दाराची कडी धरली.

"दार लावून घेऊ का, काका? आवाज जाईल बाहेर."

"राहू दे उघडं," वहिनी म्हणाले, आणि घसा साफ केला. "जाऊ दे."